एकशेवीस फुटांचा व्हरांडा

आमच्या घरात प्रश्न मापांत विचारले जात. भात किती उरला आहे, याला ‘थोडा’ हे उत्तर चालत नसे. ‘दोन वाट्या’ असे सांगावे लागे. शाळेतून यायला मला उशीर झाला, तर नाना ‘कुठे होतीस’ असे न विचारता ‘किती मिनिटं’ असे विचारीत, आणि मी ‘वीस’ म्हटले की विषय संपे. ही सवय आजोबांपासून आली होती. ते बडोदे संस्थानाच्या जमीनमोजणी खात्यात होते आणि साखळी घेऊन त्यांनी अर्धे आयुष्य शेतांच्या बांधांवर काढले. नाना, म्हणजे माझे वडील, इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ड्रॉइंग शिकवीत. मीही पुढे तीस वर्षे तेच शिकवले. तेव्हा एखादी गोष्ट मी गरजेपेक्षा अधिक नेमकी सांगत आहे असे वाटले, तर वाचकांनी तो घराण्याचा दोष समजावा. त्या दिवसांत मला काय वाटले, हे सांगण्याइतके मला आठवत नाही. काय कुठे होते आणि किती अंतरावर होते, ते मात्र सगळे आठवते.

आम्ही जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेत, म्हणजे एका अरुंद गल्लीत, दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. खाली ब्लाउज शिवणारा शिंपी होता. त्याच्या मशीनचा आवाज दिवसभर वर येई. शिवण जाड कापडावर आली की तो आवाज मंद होई, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणे, ‘आज परकर दिसताहेत.’ पलीकडे एक म्हातारा तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावे घालीत बसे. त्याच्या छिन्नीची टकटक इतकी सम होती की नाना तिच्यावर आपले आकडे मोजत. दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीला उत्तरेची खिडकी होती. उत्तरेच्या उजेडात हाताची सावली कागदावर फारशी पडत नाही, म्हणून ड्रॉइंगचे टेबल तिथे होते आणि आम्हां तिघांच्या गाद्या त्याच्या पायांशी गुंडाळून ठेवलेल्या असत. तिसऱ्या प्रहरी तिथे चहा, भाजलेला खाखरा आणि काळ्या शाईचा वास एकत्र असे. आजही खाखरा मोडला की मला शाईचा वास येतो. माझ्या कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये शाई नाही, तरीही येतो.

नानांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. मी त्या वेळी दहावीत होते. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी आम्हांला एकच वाक्य सांगितले: “बाजूचं जातं, समोरचं राहतं. समोरचं मला पुरे.” त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघाला नाही. कागदाची गुंडाळी करून तिच्यातून पाहावे, तसे त्यांना दिसे. गुंडाळीचे भोक वर्षागणिक लहान होत होते आणि कडेचा अंधार धुक्यासारखा आत सरकत होता. आईने त्यावर काहीही न बोलता घर स्थिर केले. स्टूल कधी हलत नसे. पाण्याचा तांब्या माठाच्या उजव्या बाजूलाच असे. ताटाला तर आपल्याकडे शिस्त आहेच: वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. ही मांडणी शोभेसाठी आहे असे मी समजत होते. नाना तिच्यावर विसंबून जेवत आणि शीत सांडत नसत. एक नियम कोणी न सांगता आम्ही पाळत होतो. नानांना आकडा विचारता येई, आणि नाना आम्हांला आकडा विचारू शकत. ‘दिसतंय का’ असे कोणी विचारायचे नाही, आणि ‘तिथे काय आहे’ असे त्यांनी विचारायचे नाही.

कारण साधे होते. त्यांच्याच विभागात दोन वर्षांपूर्वी एका शिक्षकांचा हात कापू लागला होता. त्यांना ड्रॉइंग हॉलमधून उठवून कचेरीत हजेरीपट लिहायला बसवले. कोणी अपमान केला नाही, सगळे प्रेमाने वागले, आणि ते गृहस्थ वर्षभरात ओळखू येईनात असे झाले. नानांना निवृत्तीला चार वर्षे होती. ती चार वर्षे ड्रॉइंग हॉलमध्येच काढायची, एवढेच त्यांना हवे होते. महाविद्यालयात हे कोणाला कळू नये, एवढेच आम्हांला हवे होते.

अशा वेळी विभागप्रमुख दवेसाहेबांनी त्यांना व्हरांड्याचे काम दिले. माणूस चंद्रावर उतरून वर्ष झाले होते आणि नव्या मुलांना या सगळ्याची ओळख असावी, असे दवेसाहेबांच्या मनात होते. विभागाच्या लांब व्हरांड्यात उड्डाणाचे टप्पे दाखवणारी चित्रे लावायची: उष्ण हवेचा फुगा, ग्लायडर, इंजिनाचे पहिले विमान, समुद्राची खाडी ओलांडणारे विमान, जेट, ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेले विमान, पहिला कृत्रिम उपग्रह, पृथ्वीभोवती फिरून आलेला पहिला माणूस, आपल्या दक्षिण किनाऱ्यावरून उडालेले छोटे रॉकेट, आणि चंद्र. दहा झाली. नानांनी व्हरांडा मोजला तो एकशेवीस फूट भरला. ते त्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांना काहीतरी सापडले आहे हे त्यांच्या जिना चढण्यावरून कळत होते.

“नलू, पहिलं विमान किती उडालं होतं?”

“माहीत नाही, नाना.”

“एकशेवीस फूट. किती वेळ? बारा सेकंद. आपला व्हरांडा किती? एकशेवीस. दर दहा फुटांवर एक चौकट लावायची. मुलगा एका चौकटीपासून दुसरीपर्यंत चालला की त्याला कळेल, एका सेकंदात ते यंत्र एवढं गेलं. त्यातल्या दोन चौकटी रिकाम्या.”

“रिकाम्या कशाला?” आईने आतून विचारले.

“पुढं जे होईल त्याला.”

मी तेव्हा शिक्षिका नव्हते, पण पुढे जे काही शिकवले त्यात याहून चांगला पाठ मला तयार करता आला नाही. मोठी गोष्ट लहान मापाने दाखवावी, आणि ते माप विद्यार्थ्याच्या पायांखाली असावे.

काम घरी, सुट्टीच्या दिवशी चाले. घरी शांतता असते, असे नानांनी दवेसाहेबांना सांगितले होते. पद्धत अशी होती. नाना पातळ ट्रेसिंग कागदावर पेन्सिलने आराखडा काढीत. प्रत्येक महत्त्वाच्या बिंदूवर ते डिव्हायडरच्या टोकाने बारीक छिद्र पाडीत, आणि पुढची रेघ घेताना डाव्या हाताच्या बोटाने आधीचे छिद्र चाचपून घेत. मग मी त्या कागदावर मेणाचे ट्रेसिंग कापड ताणून बसवी, शाई धरावी म्हणून त्यावर खडूची पूड चोळी, आणि रुलिंग पेनने एकेक रेघ शाईत गिरवी. कोपऱ्यात तीन लहान चौकटी असत: ‘आखले’, ‘गिरवले’, ‘तपासले’. तिन्हींत मी नानांची आद्याक्षरे घाली. त्यांच्या अक्षराची नक्कल मला चांगली साधली होती.

तिसऱ्या चौकटीचा आराखडा मी टेबलावर घेतला तेव्हा नाना आंघोळीला गेले होते. मी कागदाकडे पाहिले आणि मला तो चुकलेला दिसला. व्हरांड्यातली सगळी चित्रे डावीकडून उजवीकडे जाणार होती, तसा बाणही खाली काढलेला होता. पण या यंत्राचे दोन लहान पंख उजव्या टोकाला होते, आणि फिरते पंखे मोठ्या पंखांच्या डावीकडे. हरणीच्या विमानतळावर उतरणारी विमाने मी अनेकदा पाहिली होती. विमानाचा पंखा पुढे असतो आणि लहान पंख शेपटीला असतात, हे मला, माझ्या वर्गाला आणि खालच्या शिंप्यालाही माहीत होते. म्हणजे नानांनी विमानाचे तोंड बाणाच्या विरुद्ध दिशेला केले होते. ते का झाले असावे, ते मला लगेच समजले. गुंडाळीच्या भोकातून एवढा मोठा कागद एकदम दिसत नाही.

नाना येईपर्यंत थांबता आले असते. मी थांबले नाही. पातळ कागदाचा एक गुण असा की तो पालथा केला तरी रेघा दिसतात. मी आराखडा पालथा घातला, त्यावर कापड ताणले, आणि सगळे यंत्र आरशातल्यासारखे उलटून गिरवले. आता पंखे पुढे आले, लहान पंख मागे गेले. मध्ये पालथा झोपलेला माणूस होता. त्याच्या डोक्याचा नुसता एक गोल होता, तो मी बाणाच्या बाजूला आणून काढला. त्याच्या तोंडासमोर एक उभे पाते आले, ते वारा अडवायचा पडदा असेल असे मी ठरवले. अक्षरे आणि बाण सरळच घातले. काम स्वच्छ झाले. नानांची लाज राखली गेली, असे मला वाटले असेल. नेमके आठवत नाही.

सायंकाळी त्यांनी तपासले. ते मापपट्टी कापडावर ठेवून, तिच्या टोकाशी डोळा नेऊन, एकेक माप घेत आणि मी आकडा वाची.

“वरचा पंख ते खालचा पंख?”

“साठ मिलिमीटर.”

“पंख ते पुढचे लहान पंख?”

त्यांनी ‘पुढचे’ म्हटले होते. मी ते ऐकले, आणि माप वाचले. सगळी मापे बरोबर होती. बरोबर असणारच होती. आरशात लांबी बदलत नाही, बाजू बदलते. हे मी पुढे दर वर्षी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहीत असे. अलीकडची मुले संगणकावर आखतात. तिथे आकृती उलटवायची एक आज्ञा असते आणि ती दिली की संगणक आधी विचारतो, मूळ आकृती पुसायची का? मुले न वाचता उत्तर देतात. मी त्यांना तिथे थांबवीत असे आणि प्रश्न मोठ्याने वाचायला लावीत असे. त्यांना ती म्हातारीची लहर वाटे.

कापडावरून महाविद्यालयाच्या गच्चीत, उन्हात, निळ्या प्रती काढल्या गेल्या. काचेखाली कापड आणि औषध लावलेला कागद ठेवायचा, ऊन द्यायचे, मग कागद पाण्यात धुवायचा. रेघा पांढऱ्या उमटतात आणि बाकी सगळे निळे होते. आकाश वेगळे रंगवावे लागले नाही. चौकटी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमधल्या रमणभाई मिस्त्रींनी केल्या. रमणभाई नानांपेक्षा वयाने मोठे होते, आमच्याशी गुजराती-मराठी मिसळून बोलत, आणि नानांच्या डोळ्यांचे त्यांना माहीत होते. कसे, ते कोणी विचारले नाही. प्रत्येक चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत नानांची चार पावले होत, आणि रमणभाई ती पावले त्यांच्याबरोबर दोनदा चालून आले होते.

समारंभाला तीन दिवस असताना चौकटी टांगल्या गेल्या. मी नानांचा डबा घेऊन गेले होते. रमणभाई तिसरी चौकट खिळ्याला लावून मागे सरकले आणि म्हणाले, “मास्तरसाहेब, आ माणस सूतो केम छे? बसायला जागाच नाही ठेवली?”

“झोपूनच गेला तो, रमणभाई. बसायचं नंतर सुचलं.”

“तो घरी झोपायचं ने. एवढ्या वाऱ्यात कशाला?”

नाना हसले. ते हसले की त्यांना चष्मा वर सरकवायची सवय होती. “पालथं झोपलं की वारा कमी अडतो. आणि ते दोन लहान पंख आहेत ना, उंची सांभाळणारे, ते बरोबर त्याच्या नाकासमोर. ते हलतात तसे त्याला दिसत राहतात. मागे पंखे, पुढे हे. आजच्या विमानाच्या उलट. मुलांना हेच सांगायचंय मला, की पहिल्यांदा करणाऱ्याला पुढचं-मागचं ठरवून मिळालेलं नसतं.”

“नाकासमोर,” रमणभाई म्हणाले. त्यांनी चौकटीकडे पाहिले. लहान पंख झोपलेल्या माणसाच्या पायांशी होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खिशातून फडके काढून काच पुसली. काच स्वच्छ होती.

डबा घेऊन मी निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. “बेन, सांगायचं आहे त्यांना? उद्या गच्चीत ऊन आहे. दुसरी प्रत होऊन जाय.”

मी म्हणाले, “नाही.”

“तमारी मरजी,” ते म्हणाले, आणि उतरायला मला बाजू दिली.

मी त्या तीन दिवसांचा पुष्कळ वेळा हिशेब मांडला आहे. नानांना सांगायला दोन वाक्ये लागली असती. पहिले: मी तुमची आकृती उलटी केली. दुसरे: तुम्ही तपासलीत तेव्हा ते तुम्हांला दिसले नाही. पहिले वाक्य मला बोलता आले असते. दुसरे आमच्या घरात कोणी बोललेले नव्हते. आणि एक बोलून दुसरे टाळायची काही युक्ती मला सापडली नाही. मी शाळेत गेले, रसायनशास्त्राच्या वहीत आकृत्या काढल्या, आईबरोबर तोंडली निवडली. कोणाच्या लक्षात येणार नाही, असे मला वाटत होते का? तसेही नाही. मी त्या बाजूला पाहतच नव्हते. हात बधिर झाला की तो आपला वाटत नाही, उशीसारखा बाजूला पडलेला असतो, तसे ते तीन दिवस माझ्या बाजूला पडलेले होते.

समारंभ साधा होता. चाळीसेक विद्यार्थी, काही शिक्षक, दवेसाहेब, आणि घरच्या माणसांत आई आणि मी. आईने निळ्या काठांचे पांढरे पातळ नेसले होते. नाना छडी घेऊन दाराशी उभे राहिले आणि चालू लागले. दोन पावलांवर फुगा. पुढे चार पावलांवर ग्लायडर. पुन्हा चार पावलांवर ते थांबले आणि वळले, आणि चौकट बरोबर त्यांच्यासमोर होती. वर्गात बोलावे तशा स्वच्छ आवाजात ते म्हणाले, “हे इंजिनावर उडालेलं पहिलं विमान. सायकलींचं दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी बांधलं. बारा सेकंद, एकशेवीस फूट. म्हणजे तुम्ही आलात त्या दारापासून त्या टोकाच्या खिडकीपर्यंत. तुमच्यातल्या कोणालाही सायकलवर बसवलं, तर तो याच्या पुढे निघून जाईल.”

मुले हसली. नानांनी चष्मा वर सरकवला.

“आता याची विशेष गोष्ट पाहा. इथे, सर्वांत पुढे, दोन लहान पंख.” छडीचे टोक चौकटीच्या उजव्या बाजूला लागले. तिथे ते उभे पाते होते, मी पडदा समजले होते ते. ते मागचे सुकाणू होते.

पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “सर, पुढे तर सुकाणू आहे. लहान पंख मागे आहेत.”

“मागे सुकाणू आहे. नीट पाहा.”

“पाहतोय, सर.”

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, “आ तो ऊंधुं छे,” म्हणजे हे तर उलटे आहे, आणि चार-पाच जण हसले. दवेसाहेब नानांना म्हणाले, “करंदीकर, जरा जवळ जाऊन बघा ने.”

नानांनी छडी डाव्या हातात घेतली, दोन पावले पुढे गेले, आणि उजव्या हाताची बोटे काचेवर ठेवली. बोटे डावीकडून उजवीकडे सरकली, मग परत आली. ते छिद्रे शोधत होते. काचेवर छिद्रे नव्हती. त्यांच्या अंगठ्याच्या नखाखाली शाईची रेघ होती, एवढे मी पाहिले. व्हरांड्यातले हसणे थांबले. ‘ते मी केले आहे’ हे चार शब्द होते. मी आईच्या उजव्या बाजूला उभी होते आणि मी ते बोलले नाही.

नाना वळले. आवाज वर्गातलाच होता. “आकृती उलटी आहे. आरशातली आहे. मापं बरोबर, दिशा चूक. कोणी सांगेल, आता या विमानातल्या माणसाचं काय होईल?”

तोच मुलगा म्हणाला, “सर, विमान पुढं गेलं तर तो पायांकडून जाईल.”

“बरोबर. बस खाली.”

मुलगा उभाच होता. सगळेच उभे होते. नाना उजवीकडे वळले आणि चालू लागले. काचेजवळ जाताना घेतलेली दोन पावले त्यांच्या मोजणीत आलेली नसावीत, किंवा जास्त आली असावीत. चौथी चौकट येण्याआधी ते थांबले, वळले, छडी उचलली, आणि खाडी ओलांडणाऱ्या विमानाबद्दल सांगू लागले. त्यांच्यासमोर नुसती चुन्याची भिंत होती. “याला एकच पंखजोडी आहे, मोजून पाहा,” ते म्हणाले. त्यांनी छडीने भिंतीवर पंख दाखवले. आता कोणी हसले नाही, आणि त्यावरूनच त्यांना कळले असावे, कारण ते वाक्याच्या मध्येच थांबले. दवेसाहेबांनी पुढे होऊन त्यांचा कोपर धरला. ज्या हळुवारपणे धरला, तो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. उरलेल्या चौकटी दवेसाहेबांनीच दाखवल्या.

आम्ही तिघे चालत घरी आलो. आईने आमटी केली, तोंडल्याची भाजी सकाळची होती. ताट नेहमीसारखे वाढले: वर मीठ, डावीकडे लिंबू. मी दोनदा भात घेतला. मला भूक होती, आणि ते इथे नोंदवायला हवे, कारण पुढे मी स्वतःला अनेक वेळा सांगितले की त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. उतरला होता. आई म्हणाली, “अहो, ताक देऊ?” नाना म्हणाले, “अर्धी वाटी.” खाली शिंप्याचे मशीन चालू होते.

सोमवारी दवेसाहेब घरी आले. चहा घेतला, खाखऱ्याची तारीफ केली, आणि सांगितले की पुढच्या महिन्यापासून करंदीकरांनी ड्रॉइंगच्या साहित्याची खोली सांभाळावी. “तिथे आराम मिळेल डोळ्यांना,” ते म्हणाले. ‘डोळे’ हा शब्द आमच्या घरात दवाखान्यानंतर प्रथमच उच्चारला गेला, आणि तो पाहुण्याने उच्चारला. नानांनी विचारले, “किती वाजता उघडायची?” दवेसाहेब म्हणाले, दहाला. मग निघताना ते म्हणाले की तिसरी चौकट तूर्त उतरवली आहे. सवडीने नवी प्रत दिली तर लावता येईल, घाई नाही.

नाना साहित्याच्या खोलीत गेले. मुले टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, कंपास मागत आणि ते हाताने ओळखून देत. कोणता सेट-स्क्वेअर कोपऱ्याला झिजला आहे, तेही ते बोटाने सांगत. ओळखू येईनात असे ते झाले नाहीत. पण घरी आल्यावर ते टेबलाशी बसत नसत, जमिनीवर भिंतीला टेकून बसत, आणि टेबलावर आई डाळ-तांदूळ निवडू लागली. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. मी अकरावीत गेले.

मध्येच एक आजचे सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी आपले यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्या सायंकाळी आमच्या सोसायटीतली मुले माझ्याकडे टीव्ही पाहायला आली होती. पडद्यावर यान आडवे होऊन येताना दाखवत होते. एक मुलगी म्हणाली, “आजी, हे झोपून कसं चाललंय? आणि पाय पुढे?” मी तिला समजावून दिले की वेग कमी करायचा तर इंजिन पुढे धरावे लागते, म्हणून ते आधी पायांकडून येते आणि खाली पोचताना उभे राहते. यान उतरले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, खालच्या मजल्यावर फटाके लावले. मला माझा उलटा झोपलेला माणूस आठवला. एखाद्या ठिकाणी का होईना, तो बरोबर होता. हे नानांना आवडले असते, पण त्यांनी आधी वेग विचारला असता.

नवी प्रत आम्ही पावसाळा संपल्यावर केली. एका रविवारी, तीनच्या सुमारास, नानांनी टेबल रिकामे करायला सांगितले. आईने तांदळाचे सूप उचलले. जुना आराखडा मी जपून ठेवला होता, तो काढला. नानांनी तो हातात घेतला आणि दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला. डिव्हायडरने वरून टोचलेल्या छिद्राला खालच्या बाजूने बारीक उंचवटा येतो. सरळ बाजूला बोट आत बसते, पालथ्या बाजूला बोटाला टोचते. दोन्ही बाजू त्यांनी दोनदा तपासल्या.

“हे पालथं घातलंस?”

“हो.”

“मी चुकलो असं वाटलं.”

“हो.”

“विचारलं नाहीस.”

छिन्नीची टकटक चालू होती. मी म्हणाले, “विचारलं असतं, तर तुम्हाला दिसलं नाही असं म्हणावं लागलं असतं.”

नानांनी कागद टेबलावर ठेवला, सरळ बाजू वर. “कधी कळलं तुला?”

“रमणभाई टांगत होते तेव्हा.”

“म्हणजे किती दिवस आधी?”

“तीन.”

त्यांनी मान हलवली, बेरीज बरोबर आली की हलवत तशी. मग म्हणाले, “कापड ताण.”

मी कापड ताणले, पूड चोळली, आणि पाच वाजेपर्यंत गिरवले. ते शेजारी स्टुलावर बसून होते. मापे त्यांनी विचारली नाहीत. शेवटी मी कोपऱ्यातल्या तीन चौकटींकडे आले आणि पहिल्या चौकटीत त्यांची आद्याक्षरे घातली.

“‘गिरवले’मध्ये तुझी घाल,” ते म्हणाले.

मी घातली. माझी अक्षरे मला शाईत लिहायची सवय नव्हती, ती थोडी मोठी झाली.

“‘तपासले’मध्येही तुझीच.”

“पण नाना, तपासणारा वेगळा लागतो.”

“वेगळ्यानं तपासलेलं सगळ्या कॉलेजनं पाहिलं,” ते म्हणाले. आतून आई हसली. त्या घरात बऱ्याच महिन्यांनी कोणी हसले होते.

मी तिसऱ्या चौकटीत अक्षरे घातली आणि पेन पुसले. नाना कापडाच्या दिशेने तोंड करून बसले होते. उत्तरेचा उजेड आता कमी झाला होता, आणि ते गुंडाळीतून पाहतात तसे वाकून पाहत नव्हते.

“आता सांग,” ते म्हणाले, “विमान कोणीकडे चाललंय?”

त्यांनी असा प्रश्न मला कधी विचारला नव्हता.

“उजवीकडे, नाना.”

“कोणाच्या उजवीकडे?”

“पाहणाऱ्याच्या.”

“मग तसं सांगत जा,” ते म्हणाले.